एक्स-रेची निळी चमकी

माळ्यावरून माझा वाजवायचा मोठा ड्रम खाली आला तो भैरवगढच्या चादरीत गुंडाळलेला. चादर बाटिकची, लाल-काळी, आणि इतक्या वर्षांनीही तिला मेणाचा पुसटसा वास होता. मी फरशीवर बसकण मारली आणि आधी ती चादरच नाकाला लावली. उद्या रंगारी येणार, खोली रिकामी करायची, आणि ही बया वास घेत बसलीय, हे आईनं स्वयंपाकघरातूनही बरोबर ओळखलं.

"अगं, उचल ना तो पसारा! का तिथेच संध्याकाळ करणार आहेस?"

गाठ सोडली आणि आतून निळं काही तरी चमकलं. धूळ होती, कडा उचकटल्या होत्या, एका बाजूला उंदरानं दात मारून पाहिले होते. पण खिडकीतून ऊन आलं आणि ड्रमच्या अंगातून बारीक बारीक ठिणग्या उठल्या. मला हसूच आलं. आम्ही काय काय उद्योग केले होते त्या चमकीसाठी!

तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. फ्रीगंजात, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी नुकत्याच एकीकडून दुसरीकडे जायला लागल्या होत्या. त्या वायरींमधून आमच्या घरात परदेशी बँड आले. लोक गाणाऱ्याकडे बघायचे, मी मागच्या ड्रमवाल्याकडे. गाणं मला फारसं कळायचं नाही. पण ते ड्रम! लाल, सोनेरी, निळे, आणि रंगाच्या आत खोल कुठे तरी चमक. वर लावलेली नाही, आत भरलेली. ती आत जाते कशी? या प्रश्नानं माझी झोप उडायची बाकी होती.

माझा सेट देवास गेटच्या बँडवाल्यांचा. त्यांनी नवा घेतला, जुना आमच्याकडे आला. त्याला पितळ घासायच्या पावडरीचा, ओल्या मखमलीचा आणि लग्नांमधल्या शिळ्या गुलाबपाण्याचा वास होता. लाकूड चांगलं, आवाज चांगला, पण वरचा लाल ऑइलपेंट भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटत होता. मला त्याचं काही वाटायचं नाही. वाजतोय ना, बस्स.

आणि त्याच वर्षी बाबांच्या छातीत पाणी झालं.

ते कशानं झालं, कधीपासून होतं, हे मोठ्यांचं बोलणं माझ्या लक्षात नाही. लक्षात आहे ती घरातली शांतता. बाबा रेल्वेत नोकरीला होते. खणखणीत आवाजाचा माणूस, पोस्टमनशीसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलणारा. ते पुढच्या खोलीत खिडकीशी कॉटवर पडून राहिले आणि घर एकदम मुकं झालं. आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, फुसफुस सुरू झाली की चिमट्यानं शिट्टी उचलायची. ड्रमवर चादर पडली. मी उशीवर काठ्या मारून सराव करायचे, म्हणजे भूक लागल्यावर जेवणाचं चित्र बघण्यातला प्रकार.

एक आवाज मात्र घरात रोज व्हायचा. डॉक्टर यायचे, बाबांना पुढे वाकवायचे, त्यांच्या पाठीवर डावा हात पसरायचे आणि उजव्या हाताच्या बोटानं डाव्याच्या बोटावर ठोकायचे. टक, टक, टक, वरून खाली. पहिल्यांदा ते ऐकलं आणि मी दारातच थबकले. वर आवाज मोकळा होता, पोकळ, गोड. खाली येता येता एका जागी तो एकदम मेला. ओल्या चामड्यावर थाप मारली की येतो तसा, ठस्स. मी न राहवून म्हटलं, "डॉक्टर, इथून खाली बंद आहे ना?"

डॉक्टरांनी मान वर केली. "बिलकुल. पाण्याची रेघ आहे ती. तुला ऐकू आलं?"

"ऐकू येणार नाही तर काय," बाबा धापा टाकत म्हणाले, "ड्रमर आहे माझी पोरगी."

मग तो आमच्या दोघांचा खेळच झाला. संध्याकाळी बाबा पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "चला, ट्यून करा आम्हाला." मी डॉक्टरांसारखं बोटावर बोट ठोकायचे. आई कणीक मळायची थांबवून दारात उभी राहायची, हात पिठाचे तसेच. "कसा येतोय आवाज?" तिला माझं वाजवणं कधी कळलं नव्हतं, पण आता ती माझ्या कानांच्या भरवशावर होती. "तसाच आहे," मी म्हणायचे. किंवा, "रेघ थोडी खाली गेलीय, आई, बोटभर." बोटभर म्हटलं की त्या दिवशी पोळ्यांना तूप जास्त.

गणपती झाले की डॉक्टर नवा एक्स-रे काढणार होते. पाणी उतरलं असेल तर ठीक, नाही तर इंदूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. त्यापुढचं कोणी बोलायचं नाही. बाबांनी मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. "गणपतीच्या कार्यक्रमाला मी येणार. पुढच्या रांगेत बसणार. हिचा ड्रम ऐकणार." त्यांनी हे इतक्या वेळा म्हटलं की आई त्या कार्यक्रमालाच धरून बसली. ते ऐकायला गेले म्हणजे बरे होणार, असं तिनं मनात कुठे तरी बांधून टाकलं होतं. तोंडानं बोलली नाही कधी, पण मला कळत होतं.

आणि नेमका तेव्हा मनोहरदादा आला. हा आमच्या ऑर्केस्ट्राचा सर्वेसर्वा. की-बोर्ड वाजवायचा आणि केस सारखे मागे घ्यायचा. बाबांची विचारपूस झाली, चहा झाला, मग तो हळूच ड्रमवरची चादर उचलून बघू लागला.

"यंदा व्हिडिओ शूटिंग आहे," तो म्हणाला. "हॅलोजन लागणार. त्यात हा असा दिसला तर पूछो मत. इंदूरचा एक मुलगा आहे, त्याच्याकडे चमचमता सेट आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण स्टेजवर दिसायला पण हवं ना?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "चमकणारच हवा ना? चमकेल. इंदूरला जाऊ नकोस."

तो गेल्यावर मी विचारलं, "आई, कसा चमकेल?"

"मला काय माहीत? बघू या."

त्या "बघू या"मध्ये आमचा सगळा श्रावण गेला. आईनं एकदा गोष्ट मनात घेतली की तिला उसंत नसे, आणि मला तर चौकशीची खाज जन्मजात. बाबांना दुपारचा डोळा लागला की मागच्या अंगणात आमची प्रयोगशाळा सुरू व्हायची. आधी लाल पोपडे खरवडले. मग गोपाळ मंदिराजवळून देवाच्या पोशाखांना लावतात ती चमकी आणली, डिंक भिजवला, आणि छोट्या ड्रमला फासून वर चमकी भुरभुरली. वाळल्यावर इतका सुरेख दिसला! मी एक हलकीशी थाप मारली आणि सगळी चमकी माझ्या मांडीवर. पुढे कित्येक दिवस आमच्या वरणात चमकी सापडायची.

मग आईला कोपऱ्यावरचा मारुती आठवला. आमच्याकडे मारुतीला चोला चढवतात. शेंदूर आणि चमेलीचं तेल कालवून लेप देतात आणि त्यावर मालीपन्ना, म्हणजे तो रंगीत चमचमता कागद, चिकटवतात. उन्हापावसात तो टिकतो, मग ड्रमवर का नाही टिकणार? आई थेट पंडितजींनाच विचारून आली. "चिपकाना थोड़ी पड़ता है, माताजी," पंडितजी म्हणाले होते, "तेल-सिंदूर अपने आप पकड़ लेता है." आम्ही मोठ्या उत्साहानं चोला चढवला. केशरी अंगावर चांदीची टिकली न् टिकली झळकत होती. वाळायला ओट्यावर ठेवला, तर दूधवाल्यानं कॅन खाली ठेवून त्याला हात जोडले आणि "जय बजरंगबली" म्हणून मगच माप घातलं.

पण तेल वाळतं कुठे! दुसऱ्या दिवशीही तसंच ओलं, तिसऱ्या दिवशीही. माझा कुडता, दाराची चौकट, मांजराची पाठ, सगळं केशरी. मारुतीला कोणी काठ्यांनी बडवत नाही, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आता पुसायची पंचाईत. दूधवाल्यानं नमस्कार केलेला! शेवटी आई घासलेटात बोळा बुडवून, "चुकलं माकलं माफ कर रे बाबा," असं पुटपुटत पुसत बसली आणि आत बाबा हसून हसून खोकले. आम्ही धावलो. पण त्या खोकल्यात हसू होतं, आणि ते घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

काचेचं माझ्या डोक्यात आलं. बांगड्या कुटून त्याचा चुरा वार्निशमध्ये घातला तर? मी तोंडातून शब्द काढला आणि आईचा चेहराच बदलला.

"ह्यांचं असं दुखणं चाललंय आणि घरात बांगड्या फोडायच्या? वेड लागलंय का तुला?"

बांगडी चुकून फुटली तरी "वाढवली" म्हणणारी बाई ती. हातातल्या बांगड्या मनगटावर गच्च मागे सारून ती आत निघून गेली. त्या दिवशी ड्रमचा विषय निघाला नाही.

सापडलं ते न्हाणीघरात. तिथल्या खिडकीची काच कधीची गेली होती आणि आईनं तिथे आत्याच्या मनगटाचा जुना एक्स-रे लावला होता. रोजच्या बंबाच्या वाफेनं आणि कपड्यांच्या सोड्याच्या शिंतोड्यांनी त्याचं काळं सुटायला लागलं होतं. आईनं नखानं जरा खरवडलं, आणि तिथून न्हाणीघरात निळा उजेड पडला. ती तशीच ओल्या हातानं बाहेर आली.

"अगं, इकडे ये. हे खाली निळं काचेसारखं आहे बघ. याच्या मागून चमकी लावली तर?"

मागून! मला ओरडावंसं वाटलं. चमकी आत कशी जाते, त्याचं उत्तर आत्याच्या मनगटात होतं. पुढून गुळगुळीत निळा पडदा, त्याच्या पाठीला वार्निश, वार्निशवर चमकी, वर पुन्हा वार्निशचा हात, आणि मग सायकलवाल्याकडच्या पंक्चरच्या सोल्यूशननं लाकडावर चिकटवायचं. बोटानं घासली तरी चमकी निघणार नाही, कारण बोट तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

मग आम्ही कॉलनीत एक्स-रे मागत फिरलो. त्या काळात ते घराघरांत असायचे, गोदरेजच्या मागे नाही तर गादीखाली, खाकी पाकिटात. कोणी मोडलेल्या हाडाची आठवण म्हणून ठेवायचं, कोणी ग्रहण बघायला. शेजारच्या तिवारी आंटी म्हणाल्या, "हमारी कमर ले जाओ भाभी, पर लौटाना मत!" कोणी सासूचा गुडघा दिला, कोणी मुलाची कवटी. एका काकांनी साफ नकार दिला, "ग्रहण आलं तर मी काय डोळे मिटून बसू?" छोट्या ड्रमांना गुडघे आणि मनगटं पुरली. मोठ्या ड्रमला मात्र छातीचेच मोठे एक्स-रे हवे होते. त्यांची उंची ड्रमच्या रुंदीला अशी अचूक बसायची की जणू त्यासाठीच कापलेत. छात्या सगळ्या कॉलनीत मोजक्याच निघाल्या. मोठ्या ड्रमभोवती लावून पाहिल्या, तर एका छातीचा पत्रा कमी पडत होता.

बाबांच्या दुखण्याचा पहिला एक्स-रे कपाटात होता. मला तो माहीत होता, आईलाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजर वळवली.

बाबा कॉटवरून सगळं बघत होते. म्हणाले, "माझी छाती घ्या की."

"नको," आई म्हणाली. "डॉक्टरांना लागेल."

"ते नवा काढणारच आहेत. या जुन्यात काय आहे? पाणीच आहे. धुऊन टाक."

आई उठली, पाकीट काढलं आणि तो एक्स-रे खिडकीशी धरला. मी पहिल्यांदा नीट पाहिला तो. वर काळं फुप्फुस, त्यावर बरगड्यांच्या फिकट पट्ट्या. आणि एका बाजूला खालून वर चढलेलं पांढरं. मला तेव्हाही नवल वाटलं होतं, की निरोगी भाग काळा दिसतो आणि दुखणं मात्र स्वच्छ, नितळ. मी बोट ठोकून जी रेघ ऐकायचे ती तिथे दिसत होती.

मोरीत घमेल्यात गरम पाणी, सोडा, काथ्या. आईनं पदर खोचला आणि ती छाती पाण्यात घातली. बाकीच्यांच्या छात्या तिनं गप्पा मारत धुतल्या होत्या. ही धुताना ओठ घट्ट मिटलेले. काळं पाणी सुटलं, मोरीच्या तोंडाशी घोटाळलं आणि खाली गेलं. काळं निघत गेलं तशी पांढऱ्याची कडा पुसट झाली, आणि एका क्षणी कुठवर पाणी होतं आणि कुठून मोकळं, काही म्हणता काही कळेना. सगळा पत्रा सारखाच निळा.

"आता ओळख," आई म्हणाली, "कुठे होतं ते." आणि नाकावरचा घाम दंडानं पुसला.

वरचा खांद्याकडचा एक कोपरा तेवढा राहिला होता, तळहाताएवढा. "तो निघत नाही गं," आई म्हणाली. बाकीच्या तर पटापट निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आण, मी घासते." मी हात लावताच तिनं पत्रा ओढूनच घेतला. "राहू दे म्हटलं ना. तो भाग खाली येईल, जमिनीकडे. कोणाला दिसणार आहे?"

वार्निशचा वास, सोल्यूशनचा वास, आणि पंख्याखाली वाळत पडलेल्या निळ्या छात्या. सगळं घर त्या वासानं गच्च झालं होतं. ड्रमला स्क्रूचे कान, कडेच्या पट्ट्या परत बसवल्या, चामडं ताणलं आणि अंगणात उन्हात ठेवला. बाबा भिंतीला धरून दारापर्यंत आले. "क्या बात है," म्हणाले. एवढंच. पण ते चालत आले होते.

कार्यक्रमाला हॅलोजन लागले आणि आमचा ड्रम असा पेटला की पहिल्या रांगेतली पोरं उभीच राहिली. निळा, खोल, आतून चमकणारा. मनोहरदादानं केस मागे घेतले. "काकू, खरं सांगा, बंबईहून मागवला ना?"

"छे," आई म्हणाली, "कॉलनीतूनच."

कार्यक्रमानंतर तिवारी आंटी स्टेजवर आपली कंबर शोधत होत्या. पण मला आठवतं ते त्याआधीचं. पुढच्या रांगेत बाबा, अंगावर शाल, शेजारी आई. मी पहिला ठोका दिला, मोठ्या ड्रमचा, आणि बाबांनी छातीवर हात ठेवला. दुखतंय की काय म्हणून माझा पुढचा ठोका चुकायला आला. पण ते हसत होते. मोठा ड्रम छातीतच वाजतो ना ऐकणाऱ्याच्या, ते त्यांना तिथे लागत होतं. मी मन घट्ट केलं आणि वाजवत राहिले.

गणपती गेले. नवा एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला, मग पाठीवर बोट ठोकलं, वरून खाली, अगदी खालपर्यंत. त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं.

बाबा त्यानंतर पुष्कळ जगले. निवृत्त झाले, नातवंडांशी भांडले, पोस्टमनशी बोलत राहिले. गेले ते म्हातारपणानं, शांतपणे. मी केव्हाच वाजवणं सोडलं होतं, ड्रम माळ्यावर गेला होता, आणि बाकीचे कोणाकोणाला दिले गेले. हा मोठा तेवढा आईनं दिला नाही. का नाही दिला, मी कधी विचारलंही नव्हतं.

आता तो फरशीवर आडवा होता. धूळ पुसायला मी तो लोळवला, आणि एरवी जमिनीकडे असायची ती बाजू वर आली. तिथे तो कोपरा होता. निळ्यात एक काळा तुकडा, आणि त्यात तीन बरगड्या. काळ्यातून चमकी दिसत नव्हती. बरगड्या तेवढ्या नितळ, त्यामुळे फक्त त्याच चमकत होत्या. मी बघतच राहिले.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. आता तिला ऐकू कमी येतं, पण दिसतं चांगलं.

"हा निघत नव्हता, आठवतं तुला?" मी मोठ्यानं म्हटलं.

"निघाला असता," आई म्हणाली.

मी वळून पाहिलं.

"घासला असता तर निघाला असता. मीच नाही घासला." तिनं गुडघ्यावर हात टेकून सावकाश बसकण मारली. "तेव्हा कुठे माहीत होतं गं, राहतील की नाही. म्हणून थोडेसे ठेवले."

रडू येत होतं आणि काही तरी करायला हवं होतं. मी डावा हात त्या तीन बरगड्यांवर पसरला आणि उजव्या बोटानं त्यावर ठोकलं. टक, टक, टक, वरून खाली.

आईनं कान पुढे केला. "कसा येतोय आवाज?"

"मोकळा आहे, आई," मी म्हटलं. "खालपर्यंत मोकळा."